चार आवर्तनांची तीन मिनिटे

भिंगरीला दवाखान्यातून घरी आणून चार तास झाले, तेव्हा आत्या आली. तळमजल्यावरच्या नृत्यवर्गाला कुलूप होते आणि दारावर तिच्या भावाच्या, दादाच्या, अक्षरात 'पुढील सूचनेपर्यंत बंद' असा कागद होता. चाळीस वर्षांत हा वर्ग दोनदाच बंद राहिला होता. तिचे वडील, वर्गाचे मास्तर, गेले तेव्हा तीन दिवस, आणि आता अकरा दिवस.

दुसऱ्या मजल्यावर ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा फोन वाजला. विभागप्रमुख होते.

"उद्या दहाला समिती बसतेय. तुमची नोंदवही त्यांच्याकडे गेलीय. तीत प्रत्येक धुण्यापुढे तीन मिनिटं लिहिलंय, तुमच्या सहीनं. त्या सहीला धरून राहा, एवढंच सांगायला फोन केला."

"आणि माझ्या भाचीचं काय?"

"ती शिकाऊ आहे. शिकाऊ माणसाकडून घाई होते, समितीतले लोक काही दुधखुळे नाहीत. चोवीस वर्षांची मुलगी, दुसरं काहीतरी करेल. तुमचा प्रकल्प अकरा वर्षांचा आहे. तो बंद पडला तर पडलाच."

तिने "बरं" म्हटले आणि फोन पर्समध्ये टाकला. ते 'बरं' होकाराचे होते की नाही हे तिने स्वतःलाही विचारले नाही.

आत्याची प्रयोगशाळा उन्हाच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढत असे. यंत्रातला पातळ पडदा दर आठवड्याला बदलावा लागे, आणि त्यासाठी नळ्या उघडण्याआधी त्यांतून तीन मिनिटे नायट्रोजन सोडून आतला हायड्रोजन हुसकून लावावा लागे. याला तिथे सगळे 'धुणं' म्हणत. वायू हुंगणारे भिंतीवरचे यंत्र त्या आठवड्यात तपासणीला बाहेर गेले होते. बुधवारी धुणे भिंगरीने केले. तिने जोड सैल केला, स्फोट झाला आणि शेजारचे जाड काचेचे भांडे फुटले. उजव्या तळहाताला चौदा टाके पडले. कानांचे डॉक्टर अजून काही बोलत नव्हते, आणि डॉक्टर काही बोलत नाहीत याचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता.

दार वहिनीने उघडले. "या," ती म्हणाली. एरवी ती 'ये' म्हणत असे.

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते. दादा खिडकीकडे पाठ करून. आजी तिच्या उंच खुर्चीत, गुडघ्यांवर शाल टाकून. भिंगरी मध्ये, हात गळ्यातल्या पट्टीत. तिच्यापुढे शाळेची दोनशे पानी वही होती, कारण आता तिच्याशी बोलायचे ते लिहूनच. लिहिण्याचे काम वहिनीकडे आले होते. तिचे अक्षर फळ्यावरच्यासारखे मोठे होते, तेवीस वर्षे गणित शिकवून झालेले.

"बसा शास्त्रज्ञबाई," दादा म्हणाला. "चहा घेणार, की प्रयोगशाळेत झाला?"

"दादा, नको ना."

"का? मान देतोय. मासिकात फोटो आला होता तेव्हा आवडायचं तुला. 'संशोधन, भाषा, नृत्य, संगीत, सगळं एका ओंजळीत.' अशीच ओळ होती ना? मी कापून ठेवलंय कुठेतरी."

आत्याने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. भिंगरी दचकली. पावले ऐकू येत नसल्याने हल्ली ती प्रत्येक स्पर्शाला दचकत होती.

टेबलावर प्राथमिक अहवालाची प्रत होती. दोनच पाने. तिसऱ्या परिच्छेदातले एक वाक्य कोणीतरी पेन्सिलीने अधोरेखित केले होते: 'प्रशिक्षणार्थीने धुण्याची निर्धारित वेळ पाळलेली नाही, निष्काळजीपणा स्पष्ट आहे.'

"मी पाळली," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज खोलीच्या मानाने फार मोठा होता. तिला ते आईच्या चेहऱ्यावरून कळले आणि तिने आवाज खाली आणला, इतका की सगळ्यांना पुढे झुकावे लागले. "मी चार पूर्ण म्हटली. एकही ओळ सोडली नाही. आत्या, तू तरी सांग त्यांना."

"काय चार?" दादाने विचारले.

आत्याने अहवालाची पाने उलटी करून ठेवली. दादा बहिणीकडे वळला.

"ठके, चार काय?"

"मोजणी," आत्या म्हणाली. "मोजणीची चार आवर्तनं."

मोजणी ही मास्तरांची रचना. सोळा ओळी, आजीच्या माहेरच्या बोलीतल्या. त्या बोलीत आता आजी एकटीच स्वप्ने पाहत असे. पाय टाकायला शिकण्याआधी प्रत्येक मुलाने ती तोंडपाठ करायची, आणि ती कागदावर उतरवायची नाही की टेप करायची नाही, असा मास्तरांचा दंडक होता. तोंडातून कानात, बस. एक आवर्तन पाऊण मिनिटाचे. या घरात अंडी उकडायला बारा आवर्तने लागत आणि ताप बघायला दोन. पाहुणे हसत. घरच्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटत नसे.

"प्रयोगशाळेत?" दादा हळू आवाजात म्हणाला. "तिथे भिंतीवर घड्याळ नाही?"

"आहे. टायमर पण आहे. नियम टायमरचाच आहे." आत्या टेबलाकडे बघून बोलत होती. "आठ वर्षांपूर्वी मला रियाजाला वेळ मिळेना. तिथे दिवसभर थांबायचंच काम असतं. तीन मिनिटं इथे, पंधरा मिनिटं तिथे. मला वाटलं, हात त्यांचे, तोंड माझं. धुण्याला चार, पडदा भिजवायला वीस. वही लिहिताना मिनिटं लिहायची. सगळं बसत होतं. आठ वर्षं एक जोड चुकला नाही."

"आणि हिला?"

"हिलाही तसंच शिकवलं. म्हटलं, घड्याळाकडे कशाला बघतेस, तुझ्या अंगातच आहे."

वहिनीचे पेन थांबले होते. भिंगरीने डाव्या हाताने वहीवर टकटक केली. "आई, सगळं लिही. गाळू नकोस."

"काही गाळत नाही," वहिनी म्हणाली आणि मग तिच्याकडे बघून तेच लिहिले.

दादा उठून खुर्चीमागे उभा राहिला. त्याला उभ्याने रागावता येत असे. "म्हणजे माझी पोरगी अकरा दिवस तुला पाठीशी घालतेय. दवाखान्यात दोन माणसं येऊन प्रश्न विचारून गेली, ही म्हणाली, 'पूर्ण वेळ धुतलं.' कशी मोजली ते सांगितलं नाही. का, तर आत्याची नोकरी. आणि आत्या त्या अकरा दिवसांत फळं घेऊन येत होती."

"मी उद्या सांगणारच आहे."

"आता सांगणार. आम्ही विचारल्यावर."

"विभागप्रमुख म्हणतात, सहीला धरून राहा," आत्या म्हणाली. तिला हे सांगायचे नव्हते, पण सांगून झाले. "मी नाही राहणार. नियम मी मोडला, तिच्याकडूनही मोडवून घेतला, हे मी सांगणार. प्रकल्प जाईल, मी जाईन. पण एक गोष्ट मला बोलावी लागेल, तिला राग आला तरी." ती क्षणभर थांबली. "चार पूर्ण म्हटली असती तर हे झालं नसतं. नियमात तीस सेकंद जास्तीचे धरलेले आहेत. अडीच मिनिटांनाही नळ्या साफ असतात. माझी चार म्हणजे तीन मिनिटं. ती तीनच असतात. हिची तीनच आवर्तनं झाली असतील, घाईत चौथं राहिलं असेल. होतं असं. त्यात निष्काळजीपणा नाही, पण राहिलं."

वहिनीने लिहिले. यावेळी खरोखर काही गाळले नाही.

भिंगरीने वाचले. दोनदा वाचले. मग वही बंद केली आणि हात तिच्यावर ठेवून बसली.

"बघ," दादा म्हणाला, "कबुली देतानासुद्धा वर हिचाच पाय कापतेय."

"मी खरं ते सांगतेय."

"तुझं खरं मोठं सोयीचं असतं."

आजी खुर्चीत पुढे सरकली. तिने भिंगरीच्या हाताखालून वही ओढली, पेन मागितले आणि तिच्या वाकड्या अक्षरात तीन शब्द लिहिले. 'म्हणून दाखव. चार.'

*

आजीला ऐकायला त्रास नव्हता. गुडघे गेले होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पण कान तिशीतल्या बाईचे होते आणि त्याचा तिला थोडा गर्व होता. मास्तर गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती. खाली वर्ग चालू असला की दादा खिडक्या लावून घेई. शेजारी तक्रार करतात, असे त्याने सांगितले होते.

वहिनीने फोनवरचे स्टॉपवॉच लावले. भिंगरीने डोळे मिटले नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिला स्वतःचा आवाज कवटीच्या आतून, पाण्याखालून यावा तसा येत असावा, कारण सूर भलतीकडेच गेला होता. पण शब्द स्वच्छ होते. अनवाणी टाच फरशीवर पडत होती.

पहिल्या चार ओळींतच आजीने दादाकडे मान वळवली.

शब्द तिचे होते. तिच्या आईचे, तिच्या मावशांचे. दळताना, पाणी शेंदताना त्या बायका तोंडाने जे मोजत, त्यातूनच मास्तरांनी ही रचना बांधली होती, आणि लग्नानंतरचे पहिले वर्ष त्यांनी तिच्याकडून एकेक शब्द उच्चारून घेण्यात घालवले होते. तिसऱ्या ओळीनंतर एक श्वास होता. तो श्वास इथे नव्हता. सातव्या ओळीतला लांब स्वर आखूड झाला होता. अकराव्या ओळीत शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देत होते. मुलगी एकही शब्द गाळत नव्हती. तिला दुसरी लय माहीतच नव्हती.

सोळावी ओळ चौथ्यांदा संपली. भिंगरीने टाच थांबवली आणि सगळ्यांकडे पाहिले.

"दोन मिनिटं चार सेकंद," वहिनी म्हणाली.

वहिनीने तो आकडा वहीत लिहून मुलीपुढे सरकवला.

"चार झाली ना?" भिंगरी म्हणाली. "चार मोजलीत ना तुम्ही?"

आजीने चार बोटे दाखवली आणि मान डोलावली. मग वहिनीला म्हणाली, "परत लाव तुझं घड्याळ." आणि तिने स्वतः म्हटली. बसून, शालीवर बोट आपटत, म्हातारीच्या कापऱ्या आवाजात. चौथ्या आवर्तनाच्या शेवटी तिला धाप लागली, पण लय हलली नाही.

"तीन मिनिटं एक सेकंद."

वहिनीने दुसरा आकडा पहिल्याखाली लिहिला, रेघ मारली आणि वजाबाकी केली. सत्तावन्न. तिला तेवढेच करता येत होते, म्हणून तिने ते केले.

"हे हिला कोणी शिकवलं?" आजीने विचारले. उत्तर तिला माहीत होते. तिला ते मुलाच्या तोंडून हवे होते.

*

दादाने ते कधी एका दिवसात केले नव्हते. निदान स्वतःपाशी त्याचा तो बचाव होता.

मास्तर गेले त्या वर्षी एका महोत्सवाने त्याला पत्र पाठवले होते: कार्यक्रम उत्तम, पण बावीस मिनिटे फार होतात, पंधरात बसवा. त्याने तुकडे कापून बघितले. कुठूनही कापले तरी रचना लंगडी दिसे. मग त्याने दर सहामाहीला लय केसभर चढवली. मुलांना कळू नये इतकीच. नवीन मुले तर त्याच लयीवर येत, त्यांना वेगळे काही आठवायचे नव्हतेच. सहा वर्षांत बारा वेळा केसभर. आमंत्रणे वाढली, टाळ्या वाढल्या. पोरांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा त्याने व्यायाम बदलला. भिंगरी या सगळ्यात पहिल्या ओळीत उभी होती.

"मी," तो म्हणाला. "लय मी वाढवली. लोक बसत नाहीत आई, तुला माहीत नाही. समोर फोनचे दिवे दिसतात. आपण वर स्टेजवर मरतोय आणि खाली दिवे."

"मला विचारलंस?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?"

आत्या अजून त्या दोन आकड्यांकडे बघत होती. तिने खाली वाकून भिंगरीच्या वहीत स्वतः लिहिले, 'तू चारच म्हटलीस. चूक माझी. मी तुला खोटं पाडलं.' भिंगरीने वाचून मान हलवली. राग गेल्याचे काही दिसले नाही.

"तुला कळायला हवं होतं," आत्या भावाला म्हणाली. "ही माझ्याकडे काम करते. मोजणीवर मी काम करते."

"मला काय स्वप्न पडणार होतं? तुझ्या त्या धुण्याभांड्यांत मोजणी चालते हे तू कधी सांगितलंस? आणि मला विचारतेस, तर तुलाही विचारतो. मास्तर गेल्यापासून खाली वर्गात किती वेळा आलीस?"

"मी दर रविवारी येते."

"वर येतेस. आईजवळ बसून तिच्या बोलीतल्या शब्दांची वही भरतेस. खाली, ठके. खाली किती वेळा? एकदा आली असतीस, एकदा, तर पहिल्या मिनिटाला ओरडली असतीस माझ्यावर. मी वाट बघत होतो त्याची. पहिली दोन वर्षं तर रोज वाटायचं, आज येईल आणि कान उपटेल. नाही आलीस. मग मी म्हटलं, हिला चालतंय."

आत्याने पेन वहिनीला परत दिले. मासिकातल्या त्या चारही बाजू सांभाळल्या, असे ती लोकांना सांगत आली होती, आणि त्यातली एक कधीच सुटली होती. नाच सोडल्याचे तिने घरी सांगितले नव्हते. तोंडाने मोजणी चालू होती तोवर सोडला असे तिला वाटतही नव्हते.

"आता उद्याचं बोला," वहिनी म्हणाली.

दादा पुन्हा बसला. आवाज बदलला होता. "ठके, ऐक. तू नियम मोडलास, ते तू सांग. टायमर लावला नाही, तोंडाने मोजायला शिकवलं. एवढं पुरेसं आहे. लयीचं कशाला? तीन आवर्तनं की चार, कोण विचारतंय? वर्गात सत्तर मुलं आहेत. उद्या छापून आलं की या वर्गाच्या तालानं स्फोट झाला, तर एक आईबाप पोर पाठवणार नाही."

"मघाशी तर अकरा दिवस का नाही सांगितलंस म्हणत होतास," आत्या म्हणाली.

"मघाशी मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं? तुझं नाव येईल ते?"

"तू लिहितेस का हे?" दादाने बायकोला विचारले.

"लिहितेय," वहिनी म्हणाली. "तुमचं प्रत्येक वाक्य लिहितेय."

"जरा थांबशील?"

"नाही." तिने मान वर केली नाही. "अकरा दिवस मी तुमच्या बाजूनं होते. तुमच्या बहिणीला दारात 'या' म्हटलं आज. पण लय लपवली तर या कागदावरचं वाक्य तसंच राहतं. ही म्हणेल चार म्हटली, ते म्हणतील चार म्हणजे तीन मिनिटं, मग स्फोट कसा झाला? म्हणजे हीच खोटं बोलते. साधं गणित आहे. तुम्ही नाही सांगितलं तर ही वही घेऊन मी जाईन."

भिंगरी वाचत होती. कोण काय बोलले हे तिला ओळींच्या क्रमावरून लावावे लागे, त्यामुळे तिचे बोलणे नेहमी उशिरा येई.

"मला कोणाची नोकरी नको आणि वर्ग नको," ती म्हणाली. "मला ते 'निष्काळजीपणा' काढून हवंय. मी उद्या कुठे कामाला गेले तर तेच वाचतील. नाचता येईल की नाही माहीत नाही. हाताचं माहीत नाही. ते एक वाक्य तरी खरं लिहा."

दादाने डोळ्यांवर पंजा धरला.

"उद्या तूही जा," आजी त्याला म्हणाली. "आणि तिथे म्हणायला सांगितलं, टेप लावला, तर म्हणा. मास्तरांचं मी बघते."

"टेप?" आत्याने विचारले. "आई, त्यांनी तुला शपथ घातली होती."

"टेप असता," आजी म्हणाली, "तर यानं काय केलं ते मला सहा वर्षांपूर्वी कळलं असतं." आणि तिने वहिनीला हात द्यायची खूण केली. तिला आत जाऊन पडायचे होते.

*

समितीची खोली प्रयोगशाळेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. भिंगरीच्या एका बाजूला आई वही घेऊन, दुसऱ्या बाजूला बाबा. समोर तीन माणसे आणि टोकाला सुरक्षा अधिकारी बाई, जिच्यापुढे रेकॉर्डरचा लाल दिवा जळत होता. विभागप्रमुख भिंतीशी बसले होते.

भिंगरीच्या कानात गेले बारा दिवस एकच सूर वाजत होता, वरचा, न थांबणारा. त्याच्या पलीकडे लोकांची तोंडे हलत.

आत्या प्रथम बोलली. आईने लिहिले, 'सगळं सांगितलं. टायमर, मोजणी, तुला शिकवलं, वहीतली सही.' विभागप्रमुखांनी हनुवटी खाजवली आणि खिडकीकडे पाहिले. मग बाबा उभे राहिले. बसूनच बोला, अशी खूण अध्यक्षांनी केली तरी ते उभेच राहिले. आईने लिहिले, 'लय सांगितली. सहा वर्षं. महोत्सवाचं पत्रपण.' हात कुठे ठेवावेत ते बाबांना कळत नव्हते. भिंगरीने आपला चांगला हात वर केला आणि त्यांच्या कोटाची बाही धरली. त्यांनी खाली पाहिले नाही, पण बाही सोडवूनही घेतली नाही.

अध्यक्षांनी काहीतरी विचारले. आईने लिहिले, 'निष्काळजीपणा हा शब्द बदलतील. शिकवल्याप्रमाणे वेळ मोजली, असं लिहितील.' या वाक्याखाली आईने रेघ मारली. भिंगरीने ते वाचले आणि बारा दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

मग सुरक्षा अधिकारी बोलली. वही: 'नोंदीसाठी मूळ लय हवी. तुझे दोन मिनिटं चार सेकंद त्यांनी कालच्या वहीतून घेतलेत. आता आत्याचं घेणार. ती आठ वर्षं जशी म्हणत होती तशी.'

पडद्यावर शून्याचे मोठे आकडे आले. आत्या त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. तिला खुर्ची वळवायला सांगितले, तिने नको म्हणून हात हलवला. घड्याळ बघून म्हटली तर मोजणीला अर्थ काय राहिला, असे काहीसे ती म्हणाली असावी, कारण अध्यक्ष थोडेसे हसले. तिने डोळे मिटले. बोट टेबलावर ठेवले.

भिंगरीने आपला डावा तळवा टेबलावर सपाट ठेवला.

तिला ऐकू काही येत नव्हते. पण आत्याचे बोट लाकडातून तिच्या तळव्यापर्यंत पोचत होते, स्पष्ट, एकसारखे. काल आजीचे बोट शालीवर पडताना तिने पाहिले होते. तिसऱ्या ओळीनंतर ते थांबले होते. आत्याचे थांबले, पण निम्मेच. भिंगरीने तळवा आणखी दाबला. सातव्या ओळीतही तेच. दुसऱ्या आवर्तनात तो श्वास आणखी लहान झाला. ही बाबांची लय नव्हती. आजीचीही नव्हती. ही सकाळी सातला प्रयोगशाळेत येऊन रात्रीच्या आत तीन कामे उरकणाऱ्या बाईची लय होती.

तिने पडद्याकडे पाहिले. दुसरे आवर्तन संपले तेव्हा एक मिनिट दहा सेकंद. आईकडे पाहिले. आईचे पेन वहीवर टेकलेले होते आणि हलत नव्हते. बाबांनी तोंड किंचित उघडले होते.

चौथ्या आवर्तनाच्या शेवटी बोट टेबलावरून उचलले गेले. अधिकारी बाईने कळ दाबली.

दोन मिनिटे एकोणीस सेकंद.

नळ्या साफ व्हायला लागणारा अडीच मिनिटांचा आकडा त्या खोलीतल्या सगळ्यांना आता ठाऊक होता. अध्यक्षांनी चष्मा काढला. एकाने नोंदवहीचा गठ्ठा पुढे ओढला, आठ वर्षांचा, आणि पहिले पान उलटले. आत्याचे डोळे अजून मिटलेले होते. हात मांडीवर, मान सरळ. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण जशीच्या तशी राखली, अशा माणसाचा चेहरा. लहानपणी रविवारच्या तालमीनंतर भिंगरीने तो पुष्कळदा पाहिला होता.

कोणीच तिला काही सांगत नव्हते.

"आत्या," भिंगरी म्हणाली. किती मोठ्याने, तिला कळले नाही.

आत्याने डोळे उघडले. आधी तिने भाचीकडे पाहिले आणि बरोबर आले ना, अशा अर्थी भुवया उंचावल्या. मग ती पडद्याकडे वळू लागली.